पैलवानाची कातळावरची मेहनत

जत्रेच्या आखाड्यात मोठी कुस्ती लागली की सुरुवातीचा वेळ खडाखडीत जातो. नवख्या प्रेक्षकाला वाटतं, दोघं नुसतेच एकमेकांचे हात झटकतायत. जाणता माणूस मात्र मनगटांकडे बघत असतो. कोणाचं मनगट कोणाच्या पंजात किती वेळ राहतं, सोडवून घ्यायला किती झटके लागतात, यावरून तो पुढची कुस्ती ओळखतो. पंजा सैल पडला की धरलेला पट निसटतो. कंबरेला घातलेली हातांची कडी उघडली की मिळालेला कब्जा जातो. दम शाबूत असतो, मांड्या शाबूत असतात, आणि कुस्ती कोपराखालच्या वीतभर मांसापायी हातची जाते.

आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनूंचं जन्मगाव. या पट्ट्यातल्या पोराला कुस्ती जत्रेत भेटते, आधी रेवड्यांवरची, मग इनामाची. आणि जुन्नरच्या अंगाला गेलं की शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन असे उभ्या काळ्या कातळाचे किल्ले आहेत. कुस्ती आणि कातळ दोन्ही जवळ, पण त्यांची आपसात ओळख कमी. तालमीतली पोरं डोंगरावर जातात ती दर्शनाला नाहीतर धावायला. कड्यावर दोर लावणारी पोरं वेगळी, बहुतेक शहरातून आलेली. या दोघांची गाठ घातली तर पैलवानाला काय मिळेल, आणि काय मिळणार नाही, ते इथे पाहू.

मेहनतीत कुठे कमी पडतं

तालमीची जुनी मेहनत म्हणजे जोर आणि बैठका. जोर मारताना आपण जमिनीला ढकलतो, बैठकीत स्वतःचं वजन मांड्यांवर उचलतो. छाती, खांदे, दंडाची मागची बाजू, मांड्या हे सगळं त्यातून तयार होतं. पण कुस्तीतला निम्मा व्यवहार ओढण्याचा आहे. मान खाली खेचायची, पाय छातीशी ओढून घ्यायचा, कंबर स्वतःला चिकटवायची. त्याची मेहनत जोर-बैठकांत जवळजवळ नाही.

जुन्या वस्तादांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांनी ती उणीव दुसरीकडून भरून काढली होती. रोज पहाटे फावड्यानं हौदा उकरायचा, माती ओढून सपाट करायची. दोर चढायचा. मल्लखांब करायचा. करेला फिरवायचा. हौदा उकरणं हे नव्या पोरांवर लादलेलं हलकं काम वाटतं, पण पंजा, पाठ आणि कंबर एकत्र राबवणारा तो एक फार चांगला व्यायाम होता. गादी आली तिथे उकरणं संपलं. दोर बांधायची फांदी गेली, उंच छप्पर गेलं. लोखंडी वजनं आली, पण त्यांची दांडी गुळगुळीत, एकाच जाडीची आणि धरायला सोयीची असते. घामानं आणि मातीनं माखलेली मान तशी नसते.

मल्लखांब ही चढाईच

पैलवानानं चढायला शिकावं ही कल्पना परदेशातून आणायची गरज नाही, ती आपल्याकडचीच आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या मेहनतीत खांबाचा उल्लेख येतो. पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला पुन्हा जीव दिला. त्याची गोष्ट अशी सांगतात: अली आणि गुलाब नावाचे दोन मल्ल पेशव्यांच्या दरबारात आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीपाशी जाऊन आराधना केली, आणि झाडावर खेळणाऱ्या वानराच्या हालचालींतून त्यांना खांबावरच्या पकडी सुचल्या. गोष्टीतला दैवी भाग बाजूला ठेवला तरी तिचा सांगावा कुस्तीचाच आहे: आपल्याहून जड माणसाला हरवायचं तर त्याला बिलगून राहता आलं पाहिजे.

म्हणूनच पुरलेला मल्लखांब माणसाच्या अंगासारखा आहे. खाली जाड, वर निमुळता होत गेलेला, शेवटी मान आणि बोंड. त्यावर एरंडेल लावतात. हाताच्या बोटांना धरायला तिथे कुठे खाच नाही, मांड्या, पोटऱ्या, काखा आणि पायाचे अंगठे यांनीच धरावं लागतं. दोरीच्या मल्लखांबात पायाच्या अंगठ्याची पकड तर थेट हातासारखी वापरतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामप्रकार दाखवून आलं, तेव्हा मल्लखांब तिथल्या लोकांनीही पाहिला.

गंमत म्हणजे पश्चिमेकडच्या देशांतही उलट्या बाजूनं हेच झालं होतं. नुसत्या हातांनी दोर चढणं हा एके काळी ऑलिंपिकमधला खेळ होता. १८९६ साली अथेन्सला १४ मीटरचा दोर टांगला होता, आणि पाचपैकी दोघेच वरपर्यंत पोचले. १९३२ नंतर हा प्रकार बंद झाला. पण १९५०च्या दशकात जॉन गिल नावाचा अमेरिकन तरुण जिम्नॅस्टिक्स आणि दोर चढण्याच्या सरावातून थेट दगडांकडे वळला, आणि जिम्नॅस्ट हाताला लावतात ती पांढरी भुकटी त्यानं चढाईत आणली. आज मोठ्या दगडांवर दोराशिवाय, कमी उंचीवर केली जाणारी चढाई जगभर चालते, तिच्या पायाशी हा माणूस आहे. म्हणजे आखाड्यातून खांबावर आणि दोरावरून दगडावर जाण्याची वाट जुनीच आहे.

पकडीचं यंत्र

मूठ आवळणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात, आणि तिथून निघालेल्या कंडरा तळहातातून बोटांच्या टोकांकडे जातात. चड्डीची नाडी जशी नेफ्यातून फिरते, तशी कंडरा बोटाच्या हाडाला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्यांखालून सरकते. नेफा उसवला की नाडी बाहेर लोंबते. बोटाचा पट्टा फाटला तर कंडराही तशीच हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी वर येते. चढाई करणाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत ही फार नेहमीची. बहुधा अनामिकेच्या किंवा मधल्या बोटाच्या मुळाशी होते, आणि पुष्कळदा 'टक्' असा आवाजही ऐकू येतो.

यातून निघणारी एक गोष्ट पैलवानानं आधीच लक्षात घ्यावी. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, पण कंडरा आणि पट्टे जाड व्हायला महिने, कधी वर्षं लागतात. पैलवान चढाईच्या भिंतीपाशी येतो तेव्हा त्याची पाठ आणि दंड आधीच तयार असतात, बोटांचे पट्टे मात्र नवशिक्याचे असतात. त्यात वजन. महाराष्ट्र केसरी किताबाचा गट ८६ ते १२५ किलोचा आहे, आणि नामवंत चढाईपटू सहसा साठ-सत्तर किलोंच्या आसपास असतात. शंभर किलोचा मल्ल बोटाच्या पहिल्या पेरावर लटकला तर तो एवढ्या ओझ्याची परीक्षा कच्च्या नाडीवर घेतोय. दंडात जोर आहे म्हणून बोटही झेपवेल हा हिशेब चुकतो, आणि तो ताकदवान माणसाचाच चुकतो.

हात का भरतात

'हात भरले' हे पैलवानही म्हणतात आणि कडा चढणारेही. मूठ घट्ट आवळून धरली की स्नायूच्या आत दाब वाढतो आणि त्यातल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात. ताजं रक्त कमी पोचतं, थकव्याचं रसायन तिथेच साचतं, आणि हात दगडासारखा टणक होऊन बोटं आपोआप उघडायला लागतात. धावून, बैठका मारून हृदय कितीही मजबूत केलं तरी हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण अडचण पंपात नसून मिटलेल्या नळीत आहे.

चढाईत याचा सराव फार चांगला होतो. भिंतीवर सतत एक हात काम करतो, दुसरा क्षणभर मोकळा होतो. जाणता चढणारा त्या क्षणात हात खाली सोडून झटकतो, दुसऱ्या हाताची मूठही गरजेपुरतीच आवळतो. हे 'गरजेपुरतं' शिकणं ही मला चढाईतली पैलवानासाठी सगळ्यात मोलाची कमाई वाटते. आखाड्यात नवखा गडी पहिल्या मिनिटापासून जिवाच्या आकांतानं मनगट आवळून बसतो आणि पाचव्या मिनिटाला त्याच्या हातात काही उरत नाही. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. तेवढ्या वेळात भरलेला हात पुरता मोकळा होत नाही. दगड हे लवकर शिकवतो, कारण उगाच आवळलं की तो लगेच खाली उतरवतो.

कोणती पकड कामाची

भिंतीवर आणि कातळावर धरायच्या जागा अनेक तऱ्हेच्या असतात. बोटाचं टोक कसंबसं टेकेल अशी बारीक धार असते. मूठ बसेल अशी खोबण असते. अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला घालून चिमटीत धरायचा उभा कंगोरा असतो. आणि पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा गोलवा असतो, ज्याला धार नाही, कड नाही, फक्त तळहाताच्या घर्षणावर आणि मनगटाच्या ताकदीवर लटकायचं.

चढाई करणाऱ्यांत मान आहे तो बारीक धारेला. पैलवानाला तिचा उपयोग सगळ्यात कमी आणि धोका सगळ्यात जास्त. प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर पेरभर रुंदीची धार कुठेच नसते. असतो तो गोलवा: मान, खांद्याचा गड्डा, पोटरी, टाच. म्हणून त्यानं गोलव्यावर आणि चिमटीच्या पकडीवर वेळ घालवावा. मनगट धरून ठेवायला चिमटीची ताकद लागते, मोळी बांधताना आणि पट ओढताना गोलव्यावरची.

ज्युदोची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे जाड कापडी अंगरख्याची बाही आणि गळपट्टी बोटांत गुंडाळून धरायची असते, त्यामुळे बोटांची ताकद थेट कामी येते. ज्युदो किंवा जमिनीवरचं ब्राझिलियन जुजुत्सू करणारी मंडळी चढाईकडे हौसेनं वळतात ती याचमुळे. उघड्या अंगाच्या कुस्तीत हा फायदा तितका सरळ नाही, हे मान्य करून पुढे जावं.

बोटांपेक्षा मोठा लाभ पाठीत आणि कंबरेत आहे. पुढे झुकलेल्या भिंतीवर पाय निसटू द्यायचे नसतील तर कंबर भिंतीशी चिकटलेली ठेवावी लागते, आणि हाताच्या पंजापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत अंग एकसंध ताणलेलं राहावं लागतं. मागून कब्जा घेतलेला पैलवान खालच्याला सोडत नाही तेव्हा त्याचं अंग नेमकं असंच काम करत असतं. खांद्याची पाती खाली-मागे ओढून धरण्याची सवयही इथे लागते. वर्षानुवर्षं जोर मारून ज्यांचे खांदे पुढे झुकलेत, त्यांना ही सवय हवीच.

दगड काय देत नाही

दगड उलटा डाव टाकत नाही. तो ढकलत नाही, हूल देत नाही, पायात पाय घालत नाही. खडाखडीतली वेळेची जाण, ढाक मारताना लागणारा कंबरेचा झटका, पटात शिरायचा मांड्यांचा स्फोटक जोर यांतलं काहीच कातळावर मिळत नाही. मानेची मेहनत तर अजिबात नाही. चढाई हे लोणचं आहे. भाकरी जोर-बैठका आणि लढतीचीच.

गावात, खर्चाशिवाय

कृत्रिम भिंती पुण्यासारख्या शहरात. महाळुंगे पडवळच्या पोरानं तेवढ्यासाठी एसटीचे फेरे मारत बसण्याची गरज नाही. सुरुवात दोरानं करावी. वडाच्या किंवा चिंचेच्या जाड, जिवंत फांदीला मनगटाएवढा जाड दोर बांधायचा, खाली उकरलेली माती किंवा भुसकटाची पोती टाकायची. आधी पायांची मदत घेऊन चढायचं. ते सहज जमायला लागलं की नुसत्या हातांनी. उतरताना हाताखाली हात घेत उतरायचं. सरकत खाली आलं की तळहाताची साल निघते आणि आठवडाभर लढत बंद होते.

त्याहून सोपा प्रकार टॉवेलचा. आडव्या दांडीवर दोन जाड टॉवेल टाकायचे, दोन हातांनी त्यांची लोंबती टोकं धरायची आणि छाती दांडीकडे ओढायची. ओढणं जमत नसेल तर नुसतं लटकायचं. दहा सेकंद लटकून पाच सेकंद सोडायचं, असं सहा-सात वेळा. भरलेल्या हाताला यात रक्ताची वाट मिळते आणि पुन्हा बंद होते, म्हणजे आखाड्यात होतं तेच.

तिसरा प्रकार आडव्या चढाईचा. शेताच्या बांधाची पक्की दगडी भिंत, एखाद्या पडीक वाड्याचं भक्कम जोतं, ओढ्याकाठचा मोठा धोंडा, यांवर जमिनीपासून फूट-दोन फुटांवर पाय ठेवून डावीकडून उजवीकडे सरकत जायचं आणि परत यायचं. पडलं तरी उभं राहण्याइतकीच उंची, त्यामुळे दोर लागत नाही. इथे पैलवानाची खोड दिसते. तो सगळं हातानं ओढायला जातो. पाय दगडावर नीट ठेवून वजन त्यावर टाकलं की हातावरचं ओझं निम्म्याहून कमी होतं, हे त्याला पटायला दोन-तीन आठवडे जातात. जुन्या दगडी विहिरीत पोहायला उतरलेली पोरं बांधकामाच्या सांध्यांत बोटं आणि अंगठे रोवून वर येतात, त्यांना हे कोणी शिकवलेलं नसतं. विहिरीत मात्र हा सराव करू नये. वरून पडणारा एक सुटा दगडही पुरेसा असतो.

बोटांनी लटकायच्या बारीक पट्ट्या आणि फक्त हातांनी उड्या घेत चढायच्या फळ्या शहरी व्यायामशाळांत दिसतात. यातला फळ्यांचा प्रकार जर्मनीचा अव्वल चढाईपटू वोल्फगांग ग्युलिशनं १९८८च्या सुमारास स्वतःसाठी तयार केला होता. वाढत्या वयाच्या मुलांना त्यावर मुळीच चढवू नये. बोटाच्या हाडातली वाढीची कूर्चा त्यानं दुखावते, आणि ती दुखापत लवकर कळूनही येत नाही.

खऱ्या कड्यावर जायचं असेल तर

सह्याद्रीचा हा कातळ म्हणजे थंड झालेल्या लाव्ह्याचे थरावर थर, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं. कठीण काळ्या थरांच्या मध्ये मऊ, तांबूस, भुसभुशीत पट्टे येतात. त्यामुळे एकाच कड्यावर दहा फूट लोखंडासारखे आणि पुढचा हात ठेवाल तो दगड हातात. धरण्याआधी बुक्कीनं ठोकून पाहायचं, आवाज पोकळ आला की सोडून द्यायचा.

हडसरची खुंटीची वाट, इंग्रजांनी १८१८ साली पायऱ्या उडवलेल्या चावंड आणि जीवधनच्या वाटा, या ठिकाणी उत्साही माणूस हातपाय मारायला जातो. जीवधनाशेजारचा वानरलिंगी सुळका तीनशे फुटांहून उंच आहे, आणि तो अनुभवी गिर्यारोहकांचा प्रांत. पैलवानाची ताकद तिथे त्याच्या कामाची कमी, आणि भ्रमाची जास्त. कड्यावर जायचं ते गिर्यारोहण संस्थेबरोबर, हेल्मेट, कंबरेचा हार्नेस आणि खालून दोर सांभाळणारा माहितगार असेल तरच. शिवनेरी, लेण्याद्री ही संरक्षित स्मारकं आहेत. तिथल्या तटावर किंवा कोरीव भिंतीवर चढाईचा सराव करायचा नसतो.

आग्या मोहोळ हा या भागातला खरा धोका. कड्याच्या पोटाला लटकलेली पोळी खालून दिसतातच असं नाही. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी माश्या उठल्या तर दोरावर अडकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. आणि पहाटेच्या अंधारात उसाच्या कडेनं एकट्यानं धावत डोंगराकडे जाणाऱ्यांनी बिबट्याचा विचार करावा. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र उगाच झालेलं नाही.

आठवड्यात कुठे बसवायचं

आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. वेळ पाऊण तासापेक्षा जास्त नको. जोरदार लढतीच्या दिवशी संध्याकाळी थकलेल्या पंजांनी चढायला जाऊ नये, पट्टे फाटतात ते अशाच वेळी. पहिले तीन महिने फक्त दोर, टॉवेल आणि मोठ्या खोबणींची आडवी चढाई. चिमटी आणि गोलवा त्यानंतर. बोटाच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर चढाई बंद करायची आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवायचं. तालमीत बोट ओढून 'बसवून' देणारा कोणी ना कोणी असतोच, त्याच्यापासून लांब राहावं.

ऋतूंचा हिशेब बरा जुळतो. पावसाळ्यात कातळ शेवाळलेला, तेव्हा दोर आणि टॉवेल छपराखाली. दसऱ्यानंतर दगड कोरडा होतो आणि माघापर्यंत हाताला गार लागतो, चढाईचे खरे महिने तेच. फाल्गुनापासून कातळ तापायला लागतो, तळहात घामेजतात, आणि तोवर जत्रांच्या कुस्त्याही तोंडावर येतात. मोठ्या कुस्तीच्या आधीचे पंधरा दिवस बोटांना विश्रांती द्यावी.

शेवटची बाब अगदी बारीक, पण नेहमी चुकते. आखाड्यातून थेट भिंतीवर जायचं तर आधी हातपाय साबणानं धुवावेत. अंगाला लावलेलं तेल आणि त्यावर बसलेली लाल माती मानेवरची पकड वाढवते की घालवते यावर वस्तादांमध्ये वाद होतील. दगडावर मात्र तीच माती खोबणीत बसते, तेलानं चिकटते, आणि मागून येणाऱ्याचा हात घसरवते.